तळटीपेची चांदणी

"डोंगर विभागाला चांदणी! शाब्बास!" खात्याच्या मोठ्या बाईंनी तक्ता उचलून सगळ्या बैठकीला दाखवला, आणि आकडेवाल्याने चमकून आपल्या पुढ्यातली प्रत पाहिली.

आकडेवाला म्हणजे गाईगुरांच्या ढेकरांतून हवा तापवणारा मिथेन वायू किती सुटतो, ते मोजून तक्त्यात भरणारा माणूस. ऑफिसात त्याची यथेच्छ टिंगल चाले. जेवणानंतर कोणी ढेकर दिला की दुसरा हमखास विचारी, "हा धरलास का रे?" त्याच्या तक्त्यावर तीन विभाग, वीस वर्षं, तीन रेघा. सपाटीची रेघ चढत गेलेली, किनाऱ्याची जेमतेम जागेवर. डोंगराची मात्र एकोणीस वर्षं रखडत रखडत वर आलेली आणि विसाव्या वर्षी धाडकन खाली. त्या शेवटच्या आकड्याच्या डोक्यावर त्याने स्वतः चांदणी टाकली होती. पानाच्या तळाशी तशीच दुसरी, आणि तिच्यापुढे एक ओळ : 'या वर्षी साथीत विभागातली निम्म्याहून अधिक जनावरं दगावली.'

छापून आलेल्या तक्त्यात वरची चांदणी होती. खालची ओळ नव्हती.

त्याने शेजारी बसलेल्या छपाईवाल्याकडे पाहिलं. तो कानाशी लागून म्हणाला, "अरे, ती एकच ओळ पुढच्या पानावर जात होती. एका ओळीसाठी आख्खं पान कशाला घालवायचं?"

नवी दुभती जनावरं कोणत्या विभागाला द्यायची ते याच बैठकीत ठरणार होतं. टेबलावरच्या अर्जांच्या गठ्ठ्यात एक अर्ज डोंगरात राहणाऱ्या त्याच्या वडिलांचा होता. वडिलांच्या गोठ्यात तीन गाई होत्या. त्यातली एक तर कागद दिसला की सोडत नसे. त्याच्या नेमणुकीचं पत्रसुद्धा तिने अर्धं फस्त केलं होतं. साथीत तिन्ही एकाच आठवड्यात गेल्या.

तो उभा राहिला. "बाई, ती चांदणी बक्षिसाची नाही. तळटीपेची आहे."

"कुठली तळटीप?"

सगळ्यांनी पानाच्या तळाशी पाहिलं. तिथे कोरा कागद होता.

"साथीत जनावरं मेली, म्हणून आकडा उतरला," तो म्हणाला.

मोठ्या बाईंनी तक्ता खाली ठेवला. बाई काही दुष्ट नव्हत्या. "फार वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण आकडा उतरलाय, हे तर खरं ना?"

"खरं आहे."

"मग यात चुकीचं काय छापलंय?"

त्याने पुन्हा आकड्याकडे पाहिलं. आकडा त्याचाच होता, दोनदा पडताळून पाहिलेला.

"आणि तिथे पुन्हा जनावरं दिली की रेघ पुन्हा वर जाणार. पुढच्या वर्षी जाब मला विचारतील, तुम्हाला नाही," बाई म्हणाल्या. "जनावरं सपाटीला द्या. डोंगरात ज्यांनी ज्यांनी अर्ज केलाय, त्यांना घरटी एकेक प्रमाणपत्र पाठवा. चांगल्या जाड कागदावर. खूश होतील लोक."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आकडेवाला खाली बसला. नंतर इतिवृत्ताचा कागद फिरत आला, तेव्हा त्याने सहीही केली.

दुपारच्या सुट्टीत तो जिन्यात जाऊन उभा राहिला. खिशातला फोन वाजत होताच.

"काय रे, झालं का तुमचं?" वडिलांनी विचारलं. "मिळतेय ना एखादी? गव्हाणी धुऊन ठेवल्यात मी."

"नाही बाबा. यंदा नाही." त्याने कठड्याला घट्ट धरलं. "आपल्या विभागाचा पहिला नंबर आलाय. घरी प्रमाणपत्र येईल."

"नंबर? तो कशात?"

"ढेकर कमी झाले म्हणून."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बरं, येऊ दे," वडील म्हणाले. "गोठ्यातच लावतो. आता तिथे कागद खायला कोण आहे?"