बुधवारची वीस मिनिटं

दोनाला वीस कमी झाले आणि कमला उठली. तिच्यामागोमाग पद्मजाही. एक गीत झालं होतं, एक प्रार्थना झाली होती, वीस मिनिटं भरली होती. "येतो आमी, शैलाबाई. जपून ऱ्हा," म्हणत दोघींनी चपला घातल्यासुद्धा.

'बसा' हा शब्द शैलाबाईंच्या अगदी ओठांवर आला होता. पण म्हणणार कोणत्या तोंडाने? कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या ख्रिस्ती महिला सभेच्या सेक्रेटरी त्या, आणि नियम त्यांचेच. आजाऱ्याकडे बुधवारी दोघींनी जायचं, वीस मिनिटं बसायचं, त्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. कारखान्यापायी चारी दिशांनी आलेली माणसं, कोण कुणाची? एकमेकांवर प्रीती करा असं प्रभूने सांगितलं खरं, पण ती कशी करायची हे कुणीतरी लिहून द्यायला नको? आता बारा दिवस त्या स्वतःच तापाने पडून होत्या. दोन्ही बुधवारी बायका नेमक्या आल्या आणि नेमक्या गेल्या. तक्रारीला जागाच नव्हती.

खाटेवरून खिडकीबाहेरचं समोरचं क्वार्टर दिसायचं. कमला आणि पद्मजा तिथंच वळल्या. सत्यशीलाकडे! अहो, आत्ता घाई होती ना यांना? ती कारखान्याच्या रेल्वेतल्या खलाशाची, म्हणजे साध्या मजुराची, बायको. सभेला कधी वेळेवर येईल तर शपथ, आणि गाताना सूर एकीकडे तर ही दुसरीकडे. तिच्या ओट्यावर दोघी ऐसपैस बसल्या. थोड्या वेळाने कमलाचं हसू रस्ता ओलांडून इकडे आलं आणि शैलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मंडळीसाठी चार वर्षं राबलो आपण, आणि माया मिळायची हिला! त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. राहवेना, म्हणून पुन्हा खिडकीकडे. तास होऊन गेला तरी त्या तिथंच.

तीनच्या सुमाराला दोघी गेल्या, आणि पदराला हात पुसत सत्यशीलाच दारात उभी राहिली.

"आज तुमचा नंबर नाही," शैलाबाई म्हणाल्या.

"नंबर कायचा वो? भांडे पडून असतीन म्हून आली." आणि ती मोरीत जाऊन बसलीसुद्धा.

भांडी घासून झाल्यावर ती खाटेपाशी खाली टेकली. बोलायचंच नाही असं शैलाबाईंनी ठरवलं होतं. पण हेवा काही गप्प बसू देईना.

"तुमच्या घरी असं आहे तरी काय हो? बघावं तेव्हा सगळ्या तिथंच!"

"माया घरी?" सत्यशीला हसली. "माया घरी तं नेहमी काही ना काही नसते. आज मीठ सरलं, उद्या सुई नाही. मंग जातो मी कोणाकडे बी मांगाले. आता कमलाबाईनं माया पोरीचा फ्राक शिवून देल्ला, पद्मजाबाईनं तांदूळ निवडले. तुमी तं कोणाले कधी काही मांगतच नाही, बाई. तुमच्या घरी येऊन माणसानं करावं तरी काय?"

शैलाबाईंना ते वर्मी लागलं. देवाकडे त्या रोज मागत, माणसाकडे मागणं त्यांना कमीपणाचं वाटे. हेवा मात्र गेला नाही, उलट वाढलाच. या बाईला मागतासुद्धा येतं!

"निघतो मी. पोरगी येईन शाळेतून," म्हणत सत्यशीला दारापर्यंत गेली.

"सत्यशीला..." शैलाबाईंना आपलाच आवाज ओळखू येईना. "मला जरा पाणी देतेस?"

उशाशी तांब्या होता, काठोकाठ भरलेला. सत्यशीलाला तो दिसला. तरी ती पाणी आणायला आत गेली.