पाडलेला गोलपोस्ट

गोलपोस्ट आडवा झाला तेव्हा प्लम क्रीक कॉलेज अजून जिंकलेलंच नव्हतं.

अमेरिकन फुटबॉलचा सामना, गुण वीस-वीस. वेळ संपलेली. अगदी शेवटच्या क्षणी प्लम क्रीकनं चेंडू शेवटच्या रेषेपार नेला होता, म्हणजे टचडाउन झाला होता आणि त्यापाठोपाठ मिळणारी एक किक तेवढी बाकी होती. चेंडू दोन खांबांमधून गेला की एक गुण, आणि सामना खिशात. पण दोनशे माणसं कुंपणावरून उड्या टाकून आत घुसली आणि त्यांनी ते खांबच उपटले. जिंकलं की गोलपोस्ट पाडायचा, ही तिथली रीत. तीन वर्षं विजयाचं तोंड न पाहिलेल्या गावाला दम कुठला निघायला! सगळ्यांच्या पुढे, पडलेल्या दांड्यावर मांड ठोकून बसला होता ट्रॅक्टर दुरुस्त करणारा ऑर्व्हिल स्ट्रो.

"अरे गाढवांनो, बरोबरी आहे बरोबरी!" निवेदक माइकवरून किंचाळला. बँड मध्येच बंद पडला.

नवे कोच डेल्बर्ट क्राउस डोक्याला हात लावून उभे होते. त्यांचा हा पहिलाच हंगाम. नऊ सामने, नऊ पराभव. हा दहावा आणि शेवटचा. आजही जिंकले नाहीत तर सोमवारी संघ कायमचा मोडायचा, असं कॉलेजनं ठरवून टाकलं होतं. ऑर्व्हिल तर सप्टेंबरपासून दर शनिवारी कुंपणाला टेकून त्यांच्या नावानं शंख करायचा. "क्राउस, परत शाळेत जा, भूगोल शिकव!" ही त्याची लाडकी आरोळी.

किक मारायची होती टोबिन लुंडक्विस्टला. या हंगामात त्याच्या सहा किक हुकल्या होत्या. गावातल्या म्हाताऱ्या बायका त्याला पाहिलं की "असू दे हो बाळ" म्हणायच्या, आणि ते बिचाऱ्याला टोमण्यांपेक्षा जास्त लागायचं.

पंच तणतणत आले. "तुमच्या लोकांचा हा धुडगूस! पंधरा यार्ड मागे जा. आणि किक त्या टोकाला. तिकडचे खांब अजून उभे आहेत."

"कोच, माझ्याच्यानं नाही व्हायचं," टोबिन पुटपुटला. "आता तर आणखी लांबून."

"तिकडे वारा पाठीशी आहे. तू नुसती सरळ मार."

दोन्ही संघ, पंच, बँड आणि अख्खं गाव शंभर यार्ड चालत दुसऱ्या टोकाला निघालं. वऱ्हाडच ते. वाटेत जो तो ऑर्व्हिलला शिव्या घालत होता आणि तो एरवीचा तोंडाळ माणूस खाली मान घालून निमूट चालला होता.

टोबिननं लाथ घातली. चेंडू जरा डावीकडे कलला. मग वाऱ्यानं त्याला उचललं आणि दोन्ही खांबांच्या बरोब्बर मधून पार नेलं.

 असा कल्ला उठला की बोलायची सोय राहिली नाही. बँडवाले तीन वेगवेगळी गाणी एकदम वाजवू लागले. निवेदक हमसाहमशी रडत होता. टोबिनला खांद्यावर घेतलं, पाडलं, पुन्हा घेतलं. इतका आनंद त्या गावानं खरोखरच कधी पाहिला नव्हता.

खाली उतरल्यावर टोबिन धावत ऑर्व्हिलकडे गेला. कोच शेजारीच उभे होते.

"मिस्टर स्ट्रो, तुम्ही चुकून तो पोस्ट पाडलात म्हणून मी वाचलो. पहिल्या टोकाला वारा तोंडावर होता. चेंडू पोचलाच नसता."

"चुकून?" ऑर्व्हिलनं कोचकडे पाहिलं. कोच आभाळात काहीतरी शोधू लागले.

"अरे लेका, टचडाउन झाल्याबरोबर हा तुझा मास्तर कुंपणाशी पळत आला आणि माझ्या कानात म्हणाला, 'हंगामभर माझ्या नावानं बोंबललास ना? आता जरा कामाला ये. उपट तो खांब!'"