उभे कुठे राहणार?

"उभे कुठे राहणार?" दुकानदाराने विचारलं.

मास्तर दोन्ही हातांनी फेकायची काठी घेऊन दुकानाच्या मधल्या बोळात उभे होते. गळाला पिसांची माशी बांधून मासे धरायची ही काठी इतकी लांब, की शेंडा छताला टेकला होता. स्वारी भलतीच खुशीत होती.

"काठावर," मास्तरांच्या आधी त्यांची बायकोच बोलली. "म्हणून तर ही घेतोय."

खरंच त्यासाठीच घेत होते. गेल्या वर्षी एकहाती काठीने एका मोठ्या माशापर्यंत दोरी पोहोचेना, म्हणून मास्तर एकेक पाऊल आत सरकत गेले आणि नदीने त्यांना शंभर पावलं फरफटत नेलं. एका नावाड्याने कॉलर धरून वर ओढलं. त्यानंतर बाईंनी मासेमारीचं नावसुद्धा काढू दिलं नाही. शेवटी मास्तरांनीच तोड काढली. मोठी काठी घेऊ, काठावरूनच दोरी पलीकडे जाते, पाय ओला करायचं कारण नाही. बाईंनी आल्याआल्या दुकानदाराकडून याची दोनदा खात्री करून घेतली होती.

"आणि पाठीमागे काय आहे? मोकळं, की झाडी?"

"झाडी," मास्तर म्हणाले. "चांगली दाट."

"मग आखूड दोरी घ्या. ही फेकताना मागे फार जागा लागत नाही." दुकानदाराने दोरीच्या आणि काठीच्या वजनाला साजेसं रीळ शोधलं, मुठीत बसवलं आणि सगळं एका बोटावर तोलून दाखवलं. काठी न डुलता आडवी राहिली. बाईंना हायसं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदाच, म्हणायला हरकत नाही.

मास्तर मात्र वरच्या फळीकडे बघत होते.

"ती लांब दोरी दाखवा बरं."

"ती तुमच्या कामाची नाही, मास्तर."

"दाखवा तरी."

दोरी हातात आली. मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हीच द्या."

"अहो, मागे झाडी म्हणालात ना? पहिल्याच फेकीला फांद्यांत अडकेल. हिला मागे मोकळं पाणी लागतं. काठ सोडून चांगलं आत उतरावं लागतं."

"माहीत आहे मला," मास्तर म्हणाले, आणि जीभ चावली.

नवरा खोटं बोलला याचं बाईंना एवढं काही वाटलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढं चालायचंच. पण दोरी निवडायच्या आधी या माणसाने उभं राहायची जागा निवडली होती.

"तिथेच ना?" त्यांनी विचारलं.

मास्तर रिळाची मूठ फिरवत राहिले. कर्र, कर्र. मग, बाईंना अनोळखी वाटावा अशा हळू आवाजात म्हणाले, "तू पाहिला नाहीस त्याला. तो अजून तिथेच आहे."

दुकानदार उगाच डब्या आवरू लागला.

"आत म्हणजे किती आत?" बाईंनी आता त्यालाच गाठलं.

"ते नदीवर असतं, वहिनी."

"किती?"

दुकानदार चांगला उंचापुरा होता. त्याने तळवा आडवा करून स्वतःच्या कमरेला लावला. "एवढं. याच्या वर पाणी आलं तर माणसाचे पाय टिकत नाहीत."

बाईंनी त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. दुकानदाराचा तळवा मास्तरांच्या शर्टाच्या खिशापर्यंत येत होता.