बंद केलेले आवाज

मटार सोलताना पाच वर्षांच्या ओवीने दाण्यांची गोष्ट रचून आईला सांगितली आणि स्वतःच खदखदून हसली. समोर बसलेला तिचा बाबा, हेमंत, नुसती मान डोलावत राहिला.

वैजयंतीला शंका आली. तिने नवऱ्याच्या कानातलं यंत्र उपटलं. त्याच्या इवल्या पडद्यावर अक्षरं होती : 'बंद केलेले आवाज – वाहतूक, कुत्रे, ओवी.'

"कधीपासून?"

"ती बोलायला लागली तेव्हापासून. अगं, घरून काम करताना..."

"लाज नाही वाटली? पोटच्या पोरीला कुत्र्यांच्या ओळीत बसवलंस!"

हेमंत ओशाळून ओवीजवळ सरकला. "परत सांग ना गोष्ट."

ओवीने त्याची बाही ओढली आणि हातवारे करून गोष्ट सांगू लागली.

"तोंडाने बोल ना, बाळा!" वैजयंती कळवळली.

"बाबांशी असंच बोलायचं असतं, आई."