मागे राहिलेला घुमारा

“ताई, घरात कुणीतरी बोलतंय,” नार्वेकरकाका खुर्चीत टेकले न टेकले तोच म्हणाले. “शब्द नाहीत, नुसता घुमारा. जिन्यात, मोरीत, देवापाशी, आत्ता इथेही. मी दर वेळी ‘आलो’ म्हणून उठतो आणि कुणासाठी उठलो तेच कळत नाही.”

सुलक्षणाने स्टुडिओच्या पडद्यावर त्यांची फाइल उघडली. चौदा वर्षं तिने गाणी मिक्स केली होती, गेली दोन वर्षं माणसांच्या आठवणी. महिन्यापूर्वी, काकांनीच सही करून दिल्यावर, तिने त्यांच्या वारलेल्या बायकोचा आवाज त्यांच्या आठवणींतून शून्यावर आणला होता. आता पडद्यावर चूक लख्ख दिसत होती. आवाज कमी-जास्त करणारा फेडर खाली होता, पण घुमारा तयार करणाऱ्या रिव्हर्बकडे आवाज नेणारा फाटा, म्हणजे सेंड, फेडरच्या आधीच फुटत होता. मूळ आवाज गेला आणि त्याचा घुमारा तेवढा रिव्हर्बच्या परतीच्या वाटेने येत राहिला. शिकाऊसुद्धा करणार नाही अशी चूक!

“बाईमाणूस आहे का हो ते?” काकांनी हळूच विचारलं.

काय पुसलं ते गिऱ्हाइकाला सांगायची परवानगी नव्हती. “यंत्राचा दोष आहे, काका,” ती खोटं बोलली आणि तिने सेंड बंद केला.

काका कान देऊन बसले. “गेलं. सुटलो बुवा.”

दाराशी चपला घालून ते “येतो” म्हणाले आणि तिथेच थांबले.

“या,” सुलक्षणा म्हणाली.

काका हलले नाहीत. मान तिरकी करून ते अजून दुसऱ्याच कुणाच्या तरी ‘या’साठी कान देऊन होते.