सुनेचा पत्ता

भुरीबाई ट्रकमधून उतरली आणि तांड्यातल्या बायांनी तिला घेरलंच. गाठोडं खाली ठेवायचीही उसंत दिली नाही. पांढरकवड्याहून हैदराबादला रोज ट्रक जात, पण तांड्यातली बाई तिकडे गेली ती हीच पहिली. तेही शिकून साहेब झालेल्या पोराकडे, नवी सून पाहायला! शेजारणीचा, सोनीबाईचा हिरासिंग ट्रक चालवायचा. त्यानेच तिला नेलं होतं आणि त्यानेच परत आणलं होतं.

"बस वं," सोनीबाईने पोतं अंथरलं. "सांग, काय काय पाह्यलं?"

"अजबबंगले पाह्यले. तीन."

नागपूरचा अजबबंगला, जुन्या-नवलाच्या वस्तूंचं ते संग्रहालय, बायांना ऐकून ठाऊक होतं. एका गावात तीन म्हणजे कमालच झाली.

भुरीबाई सुटलीच मग. नवाबाच्या सामानात एक घड्याळ आहे, त्यातून बोटाएवढा माणूस बाहेर येतो, टोले देतो आणि आत जाऊन बसतो. दुसऱ्या बंगल्यात हात तुटलेले देव. तिसऱ्यात काचेच्या पेटीत एक मेलेली पोरगी, हजारो वर्षांची, चिंध्यांत गुंडाळलेली.

"जाळली नाही, गाडली नाही. तशीच ठेवून देल्ली."

"अगं माय!" बायांनी तोंडावर हात ठेवले. भुरीबाई थांबत नव्हती. थांबली की घराचं विचारणार, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि पोराचं घर तर तिने पाहिलंच नव्हतं.

पोराने, खेमसिंगने तिला घरी नेलं नाही. सडकेवर घ्यायला आला, स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरवलं आणि दोन दिवस अजबबंगले दाखवत फिरवलं. तिथे सावली होती, बसायला बाकं होती आणि त्याच्या ओळखीचं कोणी येत नव्हतं. शाळेची पोरं काचेतल्या वस्तू सोडून तिच्या आरसे जडवलेल्या चोळीकडे, कांचळीकडेच टकामका बघत.

"याडी, साधं लुगडं नेसून आली असती," तो आईला म्हणाला. तेवढं तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्या मेलेल्या पोरीसमोर उभा राहून, आईकडे न पाहता, तो म्हणाला, "बायकोच्या घरच्यायले मी सांगतलं, माह्यं कोणी नाही."

"म्हंजे मी मेली?"

तो पुढच्या पेटीकडे वळला. भुरीबाईला हंबरडा फोडावासा वाटला. पण तिथे मोठ्याने बोलायची बंदी होती. इतकी माणसं आजूबाजूला, आणि तिच्याएवढं एकटं त्या शहरात कोणी नसेल.

"ते मढं राहू दे वं," सोनीबाईने आता विचारलंच. "सून कशी हाय?"

खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या दारात पंचायत बसेल, खेमसिंगचं नाव तांड्यातून जाईल. लोकांच्या वावरात राबून शिकवलेला एकुलता एक पोरगा. तिच्याच्यानं ते होणार नव्हतं. घाईघाईत तिला एकच बाई आठवली. नवाबाच्या सामानातली, संगमरवराची.

"गोरी हाय," ती म्हणाली. "दुधावानी. तोंडावरून पदर घेते. पदर असा पातळ का आतून नाकडोये दिसते."

"शिकली-सवरली, तरी पदर घेते?"

"मंग! मान खाली. वर पाहत नाही."

"तुह्याशी बोलली का?"

"जास्त बोलत नाही."

"अन् गालावरून हात फिरवला का नाही तिच्या?"

"फिरवत होती. फिरवू देल्ला नाही."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. "लाजली असन," एक जण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. भुरीबाईही हसली.

सोनीबाई उठून आत गेली आणि ओढणी घेऊन आली. लाल, काठाला आरसे आणि कवड्या. सुनेसाठी तिने स्वतः शिवली होती. "हिरासिंग उद्या माल घेऊन चालला तिकडे. घरी नेऊन देईल. सांग त्याले पत्ता."

"राहू दे, मीच देईन."

"तू आता कवा जाशील वं?"

हिरासिंग जवळ येऊन उभा राहिला होता. बाया वाट पाहत होत्या.

"नदीपलीकडे," ती म्हणाली, "नवाबाची मोठी हवेली. कोनालेई विचार, दाखवते. आत गेलं का तिथंच उभी असते."

बायांना पत्ता भारीच आवडला. सून हवेलीत राहते! हिरासिंग मात्र हसला नाही. त्या हवेलीत तिकीट काढून तोही एकदा फिरून आला होता. पदर घेतलेली ती पांढरी बाई त्याने पाहिली होती. त्याने भुरीबाईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

त्याने आईच्या हातातून ओढणी घेतली आणि नीट घडी घातली.

"शुक्रवारी बंद असते ते दार, काकी," तो हळूच म्हणाला. "मी गुरुवारीच जातो."