डब्यावरचं नाव

टोकियोत मंत्र्याला गोळ्या घालणारा माणूस गेल्या महिन्यापर्यंत सिंगापुरात तोआ पायोहला उल्काच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत होता. आजच्या पेपरात त्याच्या टोकियोतल्या खोलीत सापडलेल्या स्टीलच्या डब्याचा फोटो होता. आत काडतुसं होती. झाकणावर कोरलेल्या अक्षरांचा पोलिसांना उलगडा होत नव्हता. उल्काच्या नवऱ्याला, श्रीनिवासला, झाला. “हा आपला डबा. हरवला म्हणाली होतीस ना?” “त्यातून त्याला लाडू दिलेले. तू चिडशील म्हणून बोलले नाही,” उल्का म्हणाली. “त्याचा भाऊ त्या मंत्र्याचा सेक्रेटरी होता रे. साहेबाचा घोटाळा अंगावर घेऊन त्यानं जीव दिला.” “हे पेपरात नाही. तुला कुणी सांगितलं?” फोटोत ‘सौ. उल्का’ एवढंच वाचता येत होतं. पुढचं नवऱ्याचं नाव चकाकीत बुडालं होतं. श्रीनिवासनं फळीवरचे बाकीचे डबे उतरवले आणि पॉलिशपेपरनं प्रत्येकावरचं स्वतःचं नाव तेवढं घासून टाकलं.